रिपोर्टची उलटतपासणी

एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, मोठा साठा पकडला गेला की ठरावीक चर्चा सुरू होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापासून थेट दिल्लीपर्यंत धाडी घालून हजार किलोंहून जास्त मेफेड्रोन पकडलं, तेव्हा ती झाली. त्याच वर्षी १ जुलैला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलंच पाहिजे, असं सांगणारं कलम १७६(३) आलं, फॉरेन्सिक व्हॅनना झेंडे दाखवले गेले, तेव्हा ती पुन्हा झाली. या चर्चेत दोनच पक्ष असतात. एक म्हणतो, आता यंत्रं आली, साक्षीदार फितूर झाले तरी बिघडत नाही, दोषसिद्धीचं प्रमाण नव्वद टक्क्यांवर नेऊ. दुसरा म्हणतो, पुडी ठेवणारेही पोलीस आणि सील लावणारेही पोलीस, मग यंत्र कितीही कोटींचं असो, उपयोग काय? दोघंही यंत्राकडे बोट दाखवून भांडतात. त्या यंत्रातून निघालेला कागद न्यायालयात पोचतो कसा आणि तिथे त्याला प्रश्न कोण विचारतं, हे दोघांनाही विचारावंसं वाटत नाही.

माझं म्हणणं असं: नव्या रासायनिक आणि जैविक चाचण्या जरूर याव्यात, जितक्या लवकर तितकं बरं. मात्र ज्या अहवालामागच्या नोंदी आरोपीच्या वकिलाला मिळत नाहीत आणि जो लिहिणाऱ्याला कोर्टात बोलावण्याचा हक्क आरोपीला नाही, तो अहवाल कितीही महागड्या यंत्राने दिलेला असला तरी पुरावा म्हणून कच्चाच आहे. आज आपल्याकडे तो पक्का धरला जातो. सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, बहुधा एक-दोन पानांचा असतो. मुद्देमालाचं वर्णन, सील शाबूत होती की नाही, आणि खाली निष्कर्ष. ‘मानवी रक्त, रक्तगट निश्चित करता आला नाही’ हे वाक्य तर फौजदारी वकिलांना पाठ असतं. चाचणी कोणती, ती किती वेळा केली, सोबत ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायची कोरी चाचणी, चालवली होती का, यंत्राने काढलेला मूळ आलेख कुठे आहे, याचा त्यात पत्ता नसतो. आणि असा कागद सरकारी तज्ज्ञाच्या सहीचा असेल तर तज्ज्ञाला न बोलावताच पुराव्यात वाचता येतो. १९७३ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ हेच सांगत होतं, नव्या संहितेचं कलम ३२९ तेच सांगतं. तज्ज्ञाला बोलावायचं की नाही, हे कोर्टाच्या मर्जीवर.

ही सवलत २०२४ची नाही, १९७३ चीही नाही. १८९८ च्या संहितेत ती कलम ५१० म्हणून होती. तेव्हा तिला कारण होतं. मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये विष तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा निघाल्या. मुंबईच्या केमिकल अ‍ॅनालायझरने जठरातला सोमल (आर्सेनिक) तपासायचा आणि खटला चालायचा धुळ्याला किंवा रत्नागिरीला. प्रत्येक खटल्याला त्याला बैलगाडीने किंवा बोटीने पाठवायचं तर प्रयोगशाळेला कुलूप लावावं लागलं असतं. आज साक्ष व्हिडिओवर होते. नव्या संहितेनेच ती मुभा दिली आहे. मग एकोणिसाव्या शतकातल्या प्रवासाच्या अडचणीसाठी केलेली तजवीज एकविसाव्या शतकात विज्ञानाचा सन्मान म्हणून का मिरवायची?

सोमलाचं नाव निघालंच आहे तर लंडनचा १८५९ सालचा एक खटला आठवावा. थॉमस स्मेथर्स्ट नावाच्या डॉक्टरवर इसाबेला बँक्स या बाईला विष घातल्याचा आरोप होता. तपासणी केली अल्फ्रेड स्वेन टेलर यांनी, म्हणजे त्या काळातल्या इंग्लंडमधल्या विषशास्त्राच्या सर्वात मोठ्या अधिकाऱ्याने. तांब्याची जाळी वापरून करायच्या राइन्श चाचणीत त्यांना एका बाटलीत सोमल सापडला. पुढे कळलं की सोमल बाटलीत नव्हता, चाचणीच्या तांब्यातच होता. बाटलीतल्या पोटॅशियम क्लोरेटने जाळी विरघळवली आणि तिच्यातली अशुद्धी बाहेर आली. टेलरनी हे खटल्यात कबूल केलं, याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. ज्यूरीने तरीही फाशीची शिक्षा होईल असाच निकाल दिला. शेवटी गृहमंत्र्यांनी एका नामांकित शल्यविशारदाचं मत मागवलं आणि आरोपीला माफी मिळाली. (नंतर त्याने एक बायको असताना दुसरं लग्न केल्याबद्दल वर्षभर तुरुंग भोगला, माणूस काही संत नव्हता.) इथे चाचणी खोटी नव्हती. राइन्श चाचणी पुढेही अनेक दशकं वापरात राहिली. चुकला होता तो तपासणीचा सरंजाम, आणि ते कळलं कारण टेलरनी काय-काय वापरलं हे उघड्यावर मांडलं गेलं होतं. आपल्या एका पानाच्या अहवालात ती तांब्याची जाळी दिसली असती का?

आता नव्या पद्धतींकडे वळू, कारण त्या खरोखर चांगल्या आहेत आणि त्यांच्यावर सरसकट संशय घेणाऱ्यांना त्या कळलेल्या नसतात. रंग बदलणारं रसायन टाकून करायची प्राथमिक चाचणी आजही जगभर सर्वात जास्त वापरली जाते. कोकेनसाठी कोबाल्ट थायोसायनेट टाकतात, निळा रंग आला की कोकेनचा संशय. पण निळा रंग अ‍ॅलर्जीच्या काही साध्या औषधांनीही येतो. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची जोडी, ज्याला प्रयोगशाळेत जीसी-एमएस म्हणतात, ती यापेक्षा फार पुढची: आधी मिश्रणातले घटक वेगळे करायचे, मग प्रत्येकाचे रेणू फोडून तुकड्यांच्या वजनावरून ओळख पटवायची. २००५ मध्ये आलेल्या डार्ट या तंत्राने नमुना तापलेल्या हेलियमच्या झोतापुढे नुसता धरला की काही सेकंदांत वस्तुमान कळतं. लेझरचा प्रकाश टाकून पदार्थ ओळखणारं, हातात धरायचं रामन यंत्र तर प्लॅस्टिकच्या पिशवीतून, सील न तोडता, आतली पूड वाचतं. ज्या देशात सील तुटलं की खटला तुटतो, त्या देशात ही केवढी मोठी गोष्ट आहे! सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटाच्या एका ठशातून कोकेन घेतलेला माणूस आणि कोकेनला नुसता हात लागलेला माणूस यांत फरक करून दाखवला आहे. शरीराने कोकेन पचवल्यावर घामात उतरणारे पदार्थ हात धुतल्यावरही सापडतात, हे त्यामागचं तत्त्व.

पण यातल्या प्रत्येक यंत्राला आंधळी बाजू आहे, आणि ती यंत्र विकणाऱ्यापेक्षा वापरणाऱ्याला जास्त ठाऊक असते. रामनचा लेझर तपकिरी हेरॉइनवर पडला की प्रतिदीप्तीच (पदार्थाची स्वतःची चमक) एवढी होते की खरा संकेत बुडतो. थोड्या प्रमाणात मिसळलेला पदार्थ तर त्याला बहुतेकदा दिसतच नाही. डार्ट वस्तुमान सांगतं, पण सारख्याच अणूंचे वेगळ्या रचनेचे रेणू एकट्याने वेगळे करू शकत नाही. आपल्याकडचं एमडी म्हणजे ४-मिथिलमेथकॅथिनोन. त्याचा मिथिल गट शेजारच्या जागी सरकला की होतं ३-मिथिलमेथकॅथिनोन. दोघांचे मास स्पेक्ट्रम, म्हणजे तुकड्यांच्या वजनांचे आलेख, जवळजवळ सारखे. त्यांना वेगळं करायला वेगळी चाचणी, जुळवून पाहायला शुद्ध प्रमाणित नमुना आणि वेळ लागतो. जगभरात अशा नव्या नशिल्या पदार्थांची नोंद हजारावर गेली आहे. म्हणून या क्षेत्रातले जाणकार एकाच यंत्रावर कधी थांबत नाहीत. वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या किमान दोन पद्धतींनी ओळख पटवावी, असा त्यांचा दंडक आहे. ‘मेफेड्रोन आढळले’ या दोन शब्दांमागे एक पद्धत होती की दोन, आणि त्यातली एक नुसती रंगाची तर नव्हती ना, हे विचारणं म्हणजे आरोपीची बाजू घेणं नव्हे. तो रसायनशास्त्राचाच पहिला धडा आहे.

विरोधकांचा सर्वात भक्कम मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी पातळ करून सांगणार नाही. आपल्याकडे साक्षीदार फितूर होतात, पंच ठरलेले असतात, पोलीस कोठडीतल्या जबाबामागे काय असतं हे सगळ्यांना माहीत आहे. रसायनशास्त्र मागे हटलं तर मोकळी होणारी जागा सद्सद्विवेकबुद्धी भरणार नाही, पोलिसांचा पट्टा भरेल. शिवाय वेगवान चाचणीचा फायदा सर्वात आधी निर्दोष माणसाला होतो. टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरात रस्त्यावरच्या स्वस्त रंगचाचणीवरून पकडलेल्या दोनशेहून जास्त लोकांनी गुन्हा कबूल केला, शिक्षा घेतली. नंतर प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा त्यांच्याकडे अमली पदार्थ नव्हताच. निर्दोष माणसं कबुली का देतात? कारण कबुली दिली की काही आठवड्यांत घरी जाता येतं, खटला लढला तर महिनोन्‌महिने आत. आपल्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात हा ताण आणखी मोठा आहे. कलम ३७ मुळे व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीन जवळपास बंद, दोषारोपपत्राला १८० दिवस, आणि सरकारी वकिलाने मागितली तर मुदत वर्षापर्यंत. सी.ए. रिपोर्ट नसलेलं दोषारोपपत्र पूर्ण मानायचं की अपूर्ण, यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. अशा वेळी चार दिवसांत येणारं उत्तर कुणाला नको असेल?

मलाही हवं आहे. पण ह्यूस्टनच्या उदाहरणातून दोन्ही बाजू आपल्या सोयीचं तेवढंच उचलतात. तिथे माणसं आत गेली ती वेगवान चाचणीमुळेच, आणि सुटली ती संथ चाचणीमुळे. वेग हा गुण चाळणीपुरता. धाडीच्या जागी हातातल्या यंत्राने ‘हे पीठ आहे’ म्हटलं तर माणूस सोडून द्या, ते अगदी योग्य. ‘हे एमडी आहे’ म्हटलं तर तिथून खरी तपासणी सुरू झाली पाहिजे. आपल्याकडच्या चर्चेत मात्र चाळणी आणि निकाल यांतला फरकच पुसला जातो, आणि व्हॅनमध्ये काय दिसलं याची बातमी दुसऱ्या दिवशी निकालासारखी छापून येते.

चाळणीला निकाल मानलं की काय होतं, हे पाहायचं तर टोरांटोला जावं. तिथल्या मुलांच्या एका प्रख्यात रुग्णालयाची मदरिस्क ही प्रयोगशाळा केसांतून कोकेन आणि दारूचे अंश शोधून देत असे. आई-बाप व्यसनी आहेत का, मूल त्यांच्याकडे ठेवायचं का, हे ठरवायला बालकल्याण न्यायालयं तिच्या अहवालांवर विसंबत. २०१५ च्या स्वतंत्र चौकशीत निघालं की ही प्रयोगशाळा कित्येक वर्षं इम्युनोअ‍ॅसे या प्राथमिक चाचणीचेच आकडे पक्के म्हणून देत होती. जीसी-एमएसने खात्री करण्याची पायरीच गाळलेली. न्यायवैद्यक कामासाठी ही तपासणी अपुरी आणि अविश्वसनीय होती, असा स्पष्ट निष्कर्ष आला. पुढच्या आयोगाने १,२७१ प्रकरणं तपासली आणि त्यांतल्या ५६ मध्ये या अहवालांचा निकालावर मोठा परिणाम झाल्याचं २०१८ मध्ये सांगितलं. तोपर्यंत मुलं दत्तक जाऊन मोठी झाली होती. यात लाच नव्हती, दुष्टपणा नव्हता. होता तो रुग्णालयाचा दबदबा, डॉक्टरांच्या सह्या, आणि वर्षानुवर्षं कुणी न विचारलेला एक साधा प्रश्न: खात्री कशाने केली?

ज्यांना हे परदेशातलं वाटतं त्यांनी दिवाळीचे अनारसे आठवावेत. खसखशीच्या दाण्यावर अफूच्या बोंडातलं मॉर्फिन चिकटलेलं असतं आणि ती खाल्लेल्या माणसाच्या लघवीत ते सापडू शकतं. म्हणूनच अमेरिकेने १९९८ मध्ये नोकरीसाठीच्या चाचणीची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली, आणि २०२३ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळा म्हणून सांगितलं. अफू घेतलेली असो वा अनारसे खाल्लेले, यंत्र दोन्ही वेळा खरंच बोलतं. मॉर्फिन आहेच. ते कुठून आलं, हा यंत्राचा विषय नाही.

आणि इथेच या वादातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते: कायदा रसायनशास्त्राला जो प्रश्न विचारतो तोच अनेकदा चुकीचा किंवा अर्धा असतो. एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. व्यावसायिक प्रमाण २० किलो. गोण्या भरून आलेल्या मालात काड्या, पानं, बिया सगळंच असतं, वजन सगळ्याचं एकत्र होतं, आणि प्रयोगशाळेकडे जातो मूठभर नमुना. तिने ‘टीएचसी (गांजातलं नशेचं रसायन) आहे’ म्हटलं. असणारच, ते पानातही असतं. पण माणूस वीस वर्षं आत जाणार की नाही हे ठरतं शेंड्यांच्या वजनावर, आणि ते कुणी मोजलेलंच नसतं. एमडीच्या बाबतीत उलटं. आजचं यंत्र शुद्धता टक्क्याच्या अंशापर्यंत सांगू शकतं, पण २००९ ची अधिसूचना आणि २०२० चा हीरा सिंग निकाल यांनंतर कायद्याला शुद्धतेशी घेणं राहिलेलं नाही. भेसळीसकट सगळं वजन मोजायचं. ५० ग्रॅमहून जड पुडीत एक ग्रॅम मेफेड्रोन आणि बाकी काहीही असलं तरी प्रमाण व्यावसायिक, किमान शिक्षा दहा वर्षं. रस्त्यावर माल भेसळ करूनच विकला जातो, त्यामुळे शुद्ध वजन धरलं तर मोठे विक्रेते सुटतील, हा सरकारचा युक्तिवाद निरर्थक नाही. पण मग अचूक यंत्रं घेऊन आपण मोजणार काय आहोत, हेही सांगायला हवं.

नमुना घेण्याची गोष्ट तर याहून साधी आहे. गोव्यात एका जर्मन नागरिकाकडे चरसाचे दोन तुकडे सापडले, ७ ग्रॅम आणि ५ ग्रॅम. तपासणीला गेला एकच. खालच्या कोर्टांनी दहा वर्षं दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटलं की दुसरा तुकडा चरस होता याचा पुरावा कुठे आहे? शिक्षा सहा महिन्यांवर आली. त्या काळी ५ ग्रॅमपर्यंतचं प्रमाण स्वतःच्या वापरापुरतं धरलं जाई, म्हणून एका न तपासलेल्या तुकड्यावर साडेनऊ वर्षं अवलंबून होती. पुढे २०१६ च्या मोहनलाल निकालात दंडाधिकाऱ्यासमोर नमुने काढण्याचा नियम कोर्टाने ठासून सांगितला, २०२२ मध्ये त्याचे नवे नियमही झाले. तरी वीस पुड्यांचा माल एकत्र ओतून त्यातून एक नमुना काढल्याच्या तक्रारी अजून खटल्यांत येतात. एकदा माल मिसळला की विसापैकी किती पुड्यांत काय होतं, हे जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही. माझ्या मते नव्या यंत्रांवर कोटी खर्च करण्याआधी नमुना काढणाऱ्या हवालदाराच्या प्रशिक्षणावर लाख खर्च केले तर खटले जास्त टिकतील. पण प्रशिक्षणाला झेंडा दाखवता येत नाही.

जैविक पुराव्याकडे आलं की लोकांचा आवाज बदलतो. रसायनात भेसळ होईल, पण डीएनए? तो तर खोटं बोलत नाही. जर्मनीच्या पोलिसांनाही असंच वाटलं होतं. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा गोळी घालून खून झाला आणि गाडीवर एका अनोळखी स्त्रीचा डीएनए सापडला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी होता, खुनापासून घरफोडीपर्यंत. तीन लाख युरोचं बक्षीस लागलं. २००९ मध्ये एका पुरुषाच्या कागदपत्रांवरच्या ठशांत जेव्हा ही बाई सापडली तेव्हा कुठे शंका आली. नमुने टिपायचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात तयार होत, तिथल्या कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक केलेले होते. पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. राइन्शच्या तांब्याची जाळी दीडशे वर्षांनी कापूस होऊन परत आली होती. आणि चाचणी जितकी संवेदनशील, तितका हा धोका मोठा. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका श्रीमंत माणसाच्या खुनात त्याच्या नखांखाली ज्याचा डीएनए मिळाला, तो इसम त्या रात्री दारूने बेशुद्ध होऊन रुग्णालयात पडून होता. त्याला उचलून नेणारे वैद्यकीय कर्मचारीच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते. हे उलगडेपर्यंत तो काही महिने तुरुंगात होता.

चूक नेहमी आरोपीच्याच विरोधात जाते असंही नाही, आणि हे ‘फॉरेन्सिक म्हणजे पोलिसांचं हत्यार’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात सरकारी प्रयोगशाळेने २०१८ पासून एक मर्यादा ठरवली. तिच्याखालचे नमुने पुढे न तपासताच ‘अपुरा डीएनए’ असा शेरा मारून परत जात. २०१३ च्या एका तरुणीच्या खुनाचा पाठपुरावा करणाऱ्या पत्रकारांच्या रेट्यामुळे २०२२ मध्ये चौकशी आयोग बसला आणि असे शेरे खरे नव्हते असा निष्कर्ष निघाला. यातल्या काही नमुन्यांतून पुन्हा तपासणीत ओळख मिळत होती. म्हणजे बलात्कारात, खुनात पुरावा हाताशी असून हरवला. बंद अहवालाने बळी पडलेल्या मुलीचंही नुकसान होतं.

‘असे अपवाद किती?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. किती ते कुणी मोजत नाही, हेच तर दुखणं आहे. हाइलब्रॉन, टोरांटो, क्वीन्सलँड, कुठेही प्रयोगशाळेने आपण होऊन चूक जाहीर केलेली नाही. आपल्याकडे चुका सापडत नाहीत, याचा एक अर्थ असा होतो की चुका होत नाहीत. दुसरा अर्थ वाचकाने लावावा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो वजनदार आहे. आधीच प्रयोगशाळांत नमुन्यांचे ढीग, मंजूर पदं रिकामी. त्यात प्रत्येक विश्लेषकाला साक्षीला ओढलं तर काम बुडेल. अमेरिकेत २००९ च्या मेलेंडेझ-डियाझ खटल्यात हेच सांगितलं गेलं होतं. तो खटला कोकेनचा, मॅसॅच्युसेट्स राज्यातला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की विश्लेषकाच्या नुसत्या प्रमाणपत्रावर भागणार नाही, आरोपीला त्याला समोरासमोर प्रश्न विचारता आले पाहिजेत. आभाळ कोसळलं नाही. बहुतेक आरोपी अहवालाला आव्हान देतच नाहीत. ज्यांना द्यायचं त्यांनी आधी नोटीस द्यावी, एवढ्या नियमाने भार आटोक्यात राहतो. आपल्याकडे तोच नियम, साक्ष व्हिडिओवर, याने काय बिघडेल?

पण मी माझ्याच बाजूचा एक कमकुवत दुवा झाकणार नाही. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅनी डूकन ही सरकारी रसायनतज्ज्ञ नऊ वर्षं काम करत होती. सहकाऱ्यांच्या कितीतरी पट नमुने ती उरकायची, वरिष्ठ खूश असत. २०१२ मध्ये उघड झालं की अनेक नमुने तिने तपासलेच नव्हते, नुसते पाहून शेरा मारला होता. २०१७ मध्ये २१ हजारांहून जास्त खटले रद्द झाले. ती कोर्टात साक्षीलाही जात होती, शपथेवर बोलत होती आणि उलटतपासणीतून सुटत होती. मग उलटतपासणीचा हक्क देऊन काय साधलं? साधलं ते अर्धंच, कारण वकिलांच्या हातात प्रश्न होते, कागद नव्हते. ज्या नमुन्याचा आलेखच अस्तित्वात नाही, त्याचा आलेख मागितला असता तर पहिल्याच वर्षी बिंग फुटलं असतं. म्हणून मी दोन्ही एकत्र मागतो: माणूसही आणि मूळ नोंदीही. ब्लँक, प्रमाणित नमुन्याचा आलेख, प्रत्यक्ष नमुन्याचा आलेख, यंत्र शेवटचं कधी जुळवलं याची नोंद, आणि नमुन्याचा एक भाग फेरतपासणीसाठी राखून ठेवलेला. जुलै २०२५ मध्ये फाशीच्या एका कैद्याला सोडताना सर्वोच्च न्यायालयाने डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवण्याचे आणि हस्तांतराची नोंदवही ठेवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. ते प्रयोगशाळेच्या दारापर्यंतचं झालं. दाराच्या आतलं अजून बाकी आहे.

यंत्रापुढे मान तुकवण्याची आपली सवय जुनी आहे, आणि तिचा एक नमुना आपल्या पुण्यातलाच. २००८ मध्ये तिथल्या न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. आरोप सोमल घालून मारल्याचा होता, आणि निकालात आधार घेतलेल्या पुराव्यांत तिच्या मेंदूच्या लहरींची चाचणीही होती: गुन्ह्याची वाक्यं ऐकवायची आणि मेंदूला ‘अनुभवाची आठवण’ आहे का ते यंत्राने सांगायचं. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. दोन वर्षांनी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि या मेंदूचाचण्या संमतीशिवाय करायला बंदी घातली. तोवर नार्कोच्या चित्रफिती वाहिन्यांवर दाखवून झाल्या होत्या. जीसी-एमएस आणि ती मेंदूचाचणी यांत विज्ञान म्हणून जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोर्टात मात्र दोन्ही एकाच वाटेने आल्या: सरकारी छाप, तज्ज्ञाची सही, खाली एक ओळ. खरं विज्ञान आणि त्याचं सोंग ओळखण्याचं साधन न्यायाधीशाला दिलंच नाही तर त्याने करायचं काय?

राहिला प्रश्न प्रयोगशाळा कुणाच्या ताब्यात, हा. महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गृह विभागाखाली येतात, म्हणजे तपास करणारा आणि तपासणारा यांचं खातं एकच. मुंबईतल्या कलिन्याच्या प्रयोगशाळेतल्या विश्लेषकांच्या सचोटीवर मी बोट ठेवत नाही. त्यांच्यातले कित्येक जण अपुऱ्या मनुष्यबळात जीव तोडून काम करतात. पण ज्याच्या बदलीचा आदेश गृह विभागातून निघतो, त्याच्याकडून पोलिसांना न आवडणारं उत्तर सहज येईल अशी अपेक्षा करणं हा त्याच्यावरच अन्याय आहे. विधी व न्याय विभागाकडे किंवा स्वायत्त मंडळाकडे हा कारभार द्यायला घटनादुरुस्ती लागत नाही.

कलम १७६(३) राज्यांना अधिसूचना काढण्यासाठी पाच वर्षं देतं, म्हणजे २०२९ च्या मध्यापर्यंत. नवी यंत्रं, नवी भरती, नवी संगणकप्रणाली, अहवालांचे नवे नमुने, सगळं याच काळात ठरणार आहे. एकदा छापील फॉर्म ठरला की आपल्याकडे तो पन्नास वर्षं चालतो. त्या फॉर्मवर आजच्यासारखा ‘निष्कर्ष’ हा एकच रकाना ठेवायचा, की त्याआधी ‘पद्धत’, ‘ब्लँक’, ‘पुनर्तपासणी’ आणि ‘मूळ आलेख सोबत जोडला’ हे चार रकानेही घ्यायचे, हे आत्ताच विचारायला हवं. विधिमंडळातही आणि बार असोसिएशनच्या बैठकांतही.